दिवसपाळी

हंबीररावांच्या उसात काहीतरी येऊन बसलंय हे घरात सगळ्यांत आधी कळलं ते म्हशीला. संध्याकाळी धारेला बसलं की ती पुढ्यातली पेंड सोडून मान वर करायची आणि समोरच्या उसाकडं बघत राहायची. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. पान्हा सोडायचीच नाही. सून अनुजा कासेला पाणी मारून मारून दमायची आणि चरवीचा तळ जेमतेम झाकेल एवढं दूध घेऊन उठायची. सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. त्या म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका घरभर लागला, सगळी खोकून खोकून बेजार झाली. म्हणजे नजर नव्हती. 

घर गावाबाहेर मळ्यात. गोठा आणि ऊस यांच्यात फक्त एक गाडीवाट. ऊस तोडीला आलेला, माणसाच्या दीडपट उंच. वारा पडलेला असतानाही मधेच त्याचे शेंडे हलायचे. एका जागी हलून थांबायचे, मग जरा पलीकडं हलायचे. कावळे त्यावर बसायचे नाहीत. बगळे पलीकडच्या शेतात उतरायचे, इकडं नाही. मी त्या वाटेनं रोज डेअरीला दूध घालायला जातो, मलाही तिथं पाय उचलून टाकावासा वाटायचा. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. आपल्याकडं कुणीतरी बघतंय हे पाठीला कळतं, एवढंच.

मग एक दिवस हौदाच्या चिखलात खूर उमटला. म्हशीच्या खुरापेक्षा मोठा आणि खोल. हंबीरराव उकिडवे बसले, त्यात त्यांनी आपला हात ठेवून बघितला आणि उठून धोतराला हात पुसले. त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागात आता पोरासोरांनाही ठाऊक असतं.

पेपरवाले लिहितात, गवा मानवी वस्तीत शिरला. वाचलं की माझं डोकं फिरतं. आमच्या लहानपणी या डोंगराच्या कमरेपर्यंत झाडी होती. पाणी वर चढवायच्या योजना झाल्या, पाइप गेले आणि पाइपामागं ऊस गेला. जिथं करवंदं खाल्ली तिथं आज ट्रॅक्टर फिरतो. त्यात माझाही ऊस आहे, मी काही वेगळा नाही. पण कोण कुणाच्या वस्तीत शिरला ते लिहिताना पेनाला जरा लाज वाटावी. गव्याला काय, त्याला ऊस म्हणजे दाट, गार, माणूस न दिसणारं रान. तो येऊन बसतो. पहिल्यापासून इथलाच असल्यासारखा बसतो.

हा एकटा होता. म्हातारा नर कळपातून बाहेर पडला की असा एकटा हिंडतो, असं वनरक्षक सांगून गेला. भला पोरगा होता. त्यानं बजावलं की गर्दी करू नका, फटाके वाजवू नका, डोंगराकडची वाट मोकळी ठेवा, तो आपला आपण जाईल. हंबीररावांनी मान हलवली. चहा पाजला. वनरक्षक गेला. गवा मात्र गेला नाही.

तोडणीची टोळी आली ती बांधावरच थांबली. मुकादमानं उसाकडं बघितलं, मग म्हशीकडं बघितलं, आणि टोळीच्या बायका एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. गेल्या साली पलीकडच्या खोऱ्यात गव्यानं एका माणसाला शिंगावर घेतलं होतं, ते त्यांच्या कानावर होतं. हंबीररावांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी हात जोडले. सत्तरीला टेकलेला माणूस, एके काळी गावच्या तालमीचा वस्ताद, त्यानं परक्या माणसापुढं आपल्याच बांधावर हात जोडले. अनुजा हे गोठ्यातून बघत होती. तिनं मान फिरवून घेतली. टोळी ट्रॅक्टरात बसून दुसऱ्याच्या फडाला गेली.

त्या दिवसापासून गावानं हंबीररावांना सोडलं नाही. कट्ट्यावर कुणीतरी विचारायचं, पावण्यांची सोय नीट हाय न्हवं? दुसरा म्हणायचा, म्हशीला जावई बघितलाय वस्तादांनी. आम्हीच म्हणायचो. हंबीरराव हसत नव्हते आणि चिडतही नव्हते. चहा अर्धा ठेवून उठायचे.

त्यांनी तार आणली. उघडी, साधी, कुंपणाची. उसाच्या कडेनं मेसकाठीच्या, बांबूच्या खुंट्या ठोकल्या, कमरेएवढ्या उंचीवर तार फिरवली आणि तिचं टोक नेऊन विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत, किटकॅटच्या म्हणजे फ्यूजच्या खाली, जोडलं. उसाला तोडीआधी पाणी बंद केलेलंच होतं, मोटर नुसती बसून होती. लाइन आली की तारेत करंट. शेतीची लाइन आमच्याकडं एक आठवडा रात्री असते, एक आठवडा दिवसा. तेव्हा रातपाळी चालू होती. माणसं झोपली की तार जागी व्हायची, माणसं उठायच्या आत मरून जायची.

आक्कांना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, हे पाप आहे, आणि वर गुन्हा आहे. हंबीरराव जेवणावरनं उठले नाहीत, पण घासही उचलला नाही.

"त्येला मारायला न्हाय," ते म्हणाले. "नुसता चटका बसंल. जाईल निघून."

अनुजा वाढत होती. तिनं विचारलं की वैरणीला त्याच बांधावर जावं लागतं, मग कसं करायचं.

"दिवसा काय हाय त्यात? दिवसा ती कापडं वाळत घालायची दोरी हाय. घाल की."

तिचा नवरा अमरसिंह कोल्हापूरला एमआयडीसीत, सुट्टीलाच घरी यायचा. त्याला फोनवर सांगितलं तर त्यानं फक्त, जपून करा, एवढं म्हटलं.  घरात शेवटचा शब्द हंबीररावांचा असायचा, आणि खरं सांगायचं तर ऊस वाळत चाललेला सगळ्यांनाच दिसत होता.

तार लावली त्या पहिल्याच रात्रीनंतर सकाळी खुंटीजवळची माती उकरलेली दिसली. चटका बसला होता. पण गवा गेला नाही, आणखी आत सरकला. नंतर रात्रीचं तारेजवळ पाऊलही उमटेना. तार रात्री बारीक गुणगुणते, ते त्याला ऐकू येत असणार. दिवसा ती गुणगुणत नाही, हेही त्यानं ओळखलं. जनावर आपल्यापेक्षा लक्ष देऊन राहतं. त्याला दुसरा उद्योग नसतो.

अनुजा रोज दुपारी बांधावर जायची. साडीवर अमरसिंहचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात विळा. डोक्याचा टॉवेल घामानं चिंब झाला की ती तो सोडून तारेवर टाकायची आणि पलीकडं गवत कापायला वाकायची. भारा बांधून आली की टॉवेल वाळलेला असायला हवा. एके दिवशी तो ओलाच होता. ओला म्हणजे चिकट, लाळ सुटल्यासारखा, आणि कडेला चघळलेला. तिनं तो बोटांच्या चिमटीत धरला. समोर ऊस होता, हिरव्या भिंतीसारखा. आतून कुणीतरी श्वास सोडला, लांब आणि जड.  ती भारा तिथंच टाकून घरी आली.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. म्हणाली, सांगितलं असतं तर दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आणखी काहीतरी केलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं टॉवेल पुन्हा तारेवर टाकला. भीती होती आणि भीतीसकट टाकला. भारा बांधून आली तर टॉवेल पुन्हा ओला. घामाचं मीठ त्याला लागत होतं. गव्याला मिठाची भूक असते आणि उसात नुसता गोडवा. मग एकदा तर टॉवेलच गायब झाला. दूध संस्थेनं दिवाळीला वाटलेला, लाल काठाचा, नवा. आक्का विचारत राहिल्या. अनुजा म्हणाली, वाऱ्यानं गेला असंल. वारा नव्हता. ती दुसरा टॉवेल घेऊन जाऊ लागली. गवत कापताना ती पाठीमागं ऐकायची. कधी पाचट मोडल्याचा आवाज, कधी काहीच नाही. त्या काहीच नाहीची तिला जास्त भीती वाटायची, आणि तरी तिला तिथं जावंसं वाटायचं. असं का, हे तिला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी बाजार होता. हंबीरराव सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला गेले. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय बाजारात भेटतो, त्याला गाठून दुसरी टोळी मिळते का बघायचं होतं. चिटबॉय भेटला आणि हसला. गवा अजून हाय व्हय, म्हणाला. आधी त्येला तोडीची चिट द्या. आसपासची चार माणसं हसली. हंबीरराव पायातल्या चपलेकडं बघत उभे राहिले आणि मग स्टँडजवळच्या टपरीवर येऊन चहा मागवला.

तिथं शेजारचा बाळासो भेटला. त्यांच्या बांधाला बांध लागून त्याची जमीन. तो मोटरसायकलवर होता, घाईत होता. बसतोस का म्हटलं तर म्हणाला, बसायला सवड नाही, खोडव्याला पाणी पाजायचंय.

"रातीच पाज की," हंबीरराव म्हणाले.

"रात कुठली आता? आजपास्नं दिवसपाळी न्हाई का."

ज्याला पाणी पाजायचं असतं त्याला पाळी झोपेतसुद्धा ठाऊक असते. हंबीररावांनी पाणी कधीच बंद केलेलं होतं. त्यांच्यापुरता तो आठवडा संपलाच नव्हता.

कप हातातून खाली ठेवला गेला की पडला, ते बाळासोला सांगता आलं नाही. तो म्हणतो, म्हाताऱ्याच्या तोंडावरचं रक्तच गेलं. हंबीररावांनी अनुजाला फोन लावला. तो घरात चार्जिंगला लावलेला, तिकडं आक्कांनी उचलला. अनुजा कुठाय? अनुजा वैरणीला गेलीय. हंबीरराव ओरडले ते सगळ्या स्टँडनं ऐकलं.

"पेटीतलं किटकॅट वड! आधी किटकॅट वड, मग हाक मार! तारंत करंट हाय!"

आक्कांचे गुडघे गेलेले. देवळाच्या पायऱ्या त्या बसून चढतात. त्या पळाल्या.

बांधावर अनुजानं नेहमीप्रमाणं टॉवेल सोडला आणि तारेवर टाकला. तेव्हा लाइन यायची होती. ती पलीकडं जाऊन वाकली आणि कापायला लागली. ऊन तापलं होतं. मधेच बाळासोच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली, त्याच्या पाइपातून पाणी धबाधबा पडू लागलं, त्यात दुसरा बारीक आवाज ऐकू येईना. बाळासोनं ती आपोआप चालू व्हायची सोय केलेली. अनुजानं ते ऐकलं. ऐकून तिला एवढंच वाटलं की चला, बाळाभावजींचं पाणी आलं. तिनं भारा बांधला, विळा त्यात खोचला आणि टॉवेल घ्यायला वळली.

हात पुढं केलेला होता. तार पुढ्यात होती. आणि उसातून तोंड बाहेर आलं.

इतक्या दिवसांत तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं. कपाळ राखी, मोठं, केस गेलेलं. एक शिंग टोकाला तुटलेलं. एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसरा डोळा काळा आणि ओला. पुढचे पाय गुडघ्याखाली पांढरे. खांद्यावरची कातडी हाडांवर लोंबत होती. तो तिला बघून दचकला नाही. ती रोज येणारी बाई होती, आणि तिचा वास त्याला तोंडपाठ होता. त्यानं मान लांब केली, जीभ बाहेर काढली आणि टॉवेलला लावली.

तो ओरडला नाही. त्याचं सगळं अंग एकदम ताठ झालं. जीभ तिथंच राहिली. तो काळा डोळा तिच्याकडंच होता आणि त्यात ती दिसत होती, हात पुढं केलेली. मग पुढचे पाय मुडपले आणि एवढं मोठं धूड तारेसकट, खुंट्यांसकट खाली आलं. जमीन हादरलेली तिच्या तळव्यांना कळली. करपल्याचा वास आला. तार अजून गुणगुणत होती.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. हात अजून तसाच पुढं होता, तो तिला मागं घेता येईना.

"शिवू नगंस गं! अनू, शिवू नगंस!" विहिरीकडून आक्कांचा आवाज आला. किटकॅट त्यांच्या मुठीत होतं. गुणगुण थांबली. आक्का येऊन तिला धरून खाली बसल्या आणि तिच्या तोंडावरून, हातावरून, पायावरून हात फिरवत राहिल्या. रडणं दोघींनाही आलं नाही.

बाळासोच्या मोटरसायकलवरून हंबीरराव आले. सून बसलेली बघितली आणि ते बांधावर टेकले.  मग उठले आणि खुंट्या उपटायला लागले. तार गुंडाळताना सुटून सुटून जात होती. बाळासो म्हणाला, विहिरीत टाकू, कुणाला कळणार नाही, म्हातारं जनावर आपोआप मेलं म्हणू. तोवर आम्ही सगळे जमलो होतो. पोरं मोबाइल काढून गव्याच्या पुढं उभी राहिली, एकानं शिंगावर हात ठेवला. मी त्याला हाकलला. तेवढंच माझ्याच्यानं झालं.

वनरक्षक आला. त्यानं गव्याच्या जिभेजवळ बसून बघितलं आणि विचारलं, हे कशानं झालं. गाव गप्प. गावाला असं गप्प बसणं चांगलं जमतं. हंबीरराव खाली बघत होते. तेव्हा अनुजा उठली.

"तार आमची हाय," ती म्हणाली. "टॉवेल माझा हाय. मी आज त्या तारंला हात लावणार हुते."

हंबीररावांनी मान वर केली. सुनेनं आपल्याला धरून दिलं याचा राग त्यांच्या तोंडावर मी शोधला, मला तो दिसला नाही. त्यांनी गुंडाळलेली तार स्वतः नेऊन वनरक्षकाच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले. केस झाली, जामीन झाला, तारखा लागल्या. ते घरी आले, पण विजेच्या बटणाला त्यांनी परत बोट लावलं नाही. घरातला दिवासुद्धा दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

गावातल्या बायकांनी त्या जागी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. म्हणाल्या, जनावरानं सुनेवरचं मरण आपल्यावर घेतलं, देवच होता तो. मला संताप येतो. तो कशाला देव असेल? त्याला मीठ हवं होतं. आपण मारलं की लगेच त्याला देव करून मोकळे होतो, म्हणजे पुढच्या तारेला हात मोकळे. अनुजा त्या नारळाला गेली नाही.

मग टोळी आली, आता अडचण कसली? आमच्याकडं ऊस चारी कडांनी तोडत आत जातात, त्यामुळं शेवटी मधोमध एक तुकडा उभा राहतो. उसात जे काही जीव असतात ते मागं सरत सरत त्या तुकड्यात गोळा होतात आणि अखेरीस सैरावैरा बाहेर पळतात. दरवर्षी पोरं काठ्या घेऊन त्याची वाट बघतात. यंदा तुकडा लहान लहान होत गेला आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. ना ससा, ना मुंगूस, ना साधा उंदीर. तोडणाऱ्या बायका एकमेकींकडं बघत कोयते चालवत होत्या. घराकडच्या बाजूचा पट्टा तेवढा अजून गाडीवाटेपर्यंत सलग होता. दुपारी सगळ्या जेवायला झाडाखाली गेल्या. हंबीरराव तारखेला गेले होते. आक्का गोठ्यात होत्या.

अनुजा त्या तुकड्यात शिरली. पानांनी गाल चिरले. मधोमध ऊस आडवा होऊन गादी झालेली होती, अंगाच्या वजनानं दाबून दाबून गुळगुळीत. काळे केस चिकटलेले. तिथं तिचा लाल काठाचा टॉवेल होता, चघळून चघळून मुठीएवढा गोळा झालेला, आणि वाळलेला. तो उचलायला ती वाकली आणि तिथंच बसली, गवा ज्या बाजूला तोंड करून बसत असणार त्या बाजूला तोंड करून.

तिथून एक सरी सरळ घराकडं जात होती. सरीच्या टोकाला, उसाच्या दोन ओळींमधून, गोठा दिसत होता. हौद दिसत होता. धारेला बसायचा तिचा पाट दिसत होता. संध्याकाळी ती बसते ती जागा बरोबर मधोमध. इतके दिवस त्यानं हेच बघितलं होतं. माणसं उठतात, पाणी भरतात, म्हशीशी बोलतात, एकमेकांना हाका मारतात. दुसरं बघायला त्याच्याकडं काही नव्हतं, आणि कळपही नव्हता.  ती हलली, आणि तिच्या अंगाला लागून उसाचे शेंडे सळसळले.

गोठ्यात म्हशीनं मान वर केली. कान ताठ करून ती नेमकी तिच्याकडं बघायला लागली. आक्का मागून आल्या. त्यांनी म्हशीकडं बघितलं, मग उसाकडं बघितलं, आणि त्यांच्या हातातली पाण्याची बादली कलंडली. सांडलेल्या पाण्याकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. अनुजानं आपल्या सासूचं तोंड इतकं भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं. ज्या हातांनी तिला त्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं होतं, तेच हात काठी शोधत होते.

"कोण हाय त्ये?" आक्का म्हणाल्या.

मी हाय, आक्का, असं अनुजाला म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. नाकातून नुसता श्वास बाहेर पडला, लांब आणि जड. आक्का मागं सरत घरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.